कर्ज काढून तूप प्या, हे चार्वाक खरंच म्हणाला होता का? तत्त्वज्ञानाची प्रश्नोत्तरं

दोन-तीन महिन्यांत जे प्रश्न साठलेत त्यातले निम्मे तेच तेच आहेत. म्हणून एकदाच उत्तरं देऊन टाकतो. ज्यांचा प्रश्न आला नाही त्यांनी रागवू नये, बहुतेक दुसऱ्याच्या नावाखाली आला असेल.

प्रश्न : तत्त्वज्ञान म्हणजे अध्यात्मच ना? (राजारामपुरी)

नाही. अध्यात्मात गुरूचा शब्द चालून जातो, इथं गुरूलाही कारण द्यावं लागतं.

प्रश्न : तत्त्वज्ञान आधी ग्रीसमध्ये सुरू झालं की भारतात? मित्रांत पैज लागलीय. (शिवाजी पेठ)

खासबागेतली कुस्ती आहे का ही, कुणाची पाठ आधी लागली ते बघायला? ग्रीकांकडं मिलेटसच्या थेलीसपासून मोजतात, इ.स.पू. सहावं शतक, गाव आज तुर्कस्तानात आहे. सगळ्याचं मूळ पाणी असं तो म्हणाला हे आपल्याला ॲरिस्टॉटलकडून कळतं, थेलीसच्या हातचं काही शिल्लक नाही. उत्तर चुकलं, पण ते देताना त्यानं देवाला मध्ये आणलं नाही, हे महत्त्वाचं. आपल्याकडं ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 129वं सूक्त बघा, नासदीय. ही सृष्टी कुठनं आली हे वरती बसून बघणाऱ्यालाच ठाऊक, असं म्हणून लगेच शेवटी ‘किंवा त्यालाही ठाऊक नसेल’. ते ग्रीकांच्याही आधीचं आहे. पण शंका काढणं एक आणि वादाची शिस्त बसवून शाळा उभ्या करणं दुसरं, त्यामुळं पैजेत ‘आधी’ म्हणजे काय ते पहिलं ठरवा. पैज मोडा आणि मिसळ खा, दोघांनी आपापली.

प्रश्न : बी.ए. पहिल्या वर्षाला आहे, सोमवारी पेपर. मुख्य शाखा थोडक्यात सांगा. (कागल)

सत्ताशास्त्र म्हणजे जे आहे ते मुळात काय आहे. ज्ञानमीमांसा म्हणजे ते आपल्याला कळतं कसं. तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, सौंदर्यशास्त्र ही नावं स्वतःच बोलतात. सोमवारपुरतं बास.

पण मंगळवारी विसरणार, म्हणून एक सांगतो. हंगामात एसटीनं पन्हाळ्याकडं जाताना उसाच्या फडावर धुराचा पट्टा दिसतो. काहील दिसत नाही, चुलवाण दिसत नाही, त्यात चिपाड सारणारा माणूस दिसत नाही, तरी शेजारचे आजोबा म्हणतात ‘गुऱ्हाळ लागलं वाटतं’. न पाहता कळलं कसं? न्यायदर्शन म्हणजे तर्क कसा करावा ह्याची आपली जुनी शाखा, त्या लोकांनी नेमकं हेच पाच पायऱ्यांत मांडलं. तिथं आग आहे (प्रतिज्ञा), कारण धूर आहे (हेतू), जिथं धूर तिथं आग, जसं स्वयंपाकघरात (उदाहरण), इथंही तसलाच धूर आहे (उपनय), म्हणून आग आहे (निगमन). आता थंडीत पहाटे पंचगंगेच्या घाटावर जा, धूर वाटतो आणि असतं धुकं. हेतूच खोटा, पुढचं सगळं बाद. आणि हे उलटं चालत नाही, आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही, लालबुंद तापलेल्या लोखंडाला कुठं धूर असतो? धुराला ओलं जळण लागतं, ही जी गुपचूप अट मध्ये बसलेली असते तिला उपाधी म्हणतात. आपली निम्मी भांडणं ही अट न दिसल्यामुळं होतात. आणि रंग यावा म्हणून गुळात पावडर टाकून वर ‘नैसर्गिक’ लिहून विकणं, ते झालं नीतिशास्त्र. पेपरात कुठली व्याख्या चालते ते मात्र तुमच्या सरांनाच विचारा, अभ्यासक्रम बदलत असतो आणि आज शुक्रवार आहे, हा प्रश्न जूनमध्ये विचारायचा असतो बाळा.

प्रश्न : सांख्य ‘आस्तिक दर्शन’ आहे म्हणतात, मग त्यात देव कसा नाही? (गडहिंग्लज)

कारण ह्या वर्गवारीत आस्तिक म्हणजे वेद प्रमाण मानणारा, देव मानणारा नव्हे. पूर्वमीमांसक, म्हणजे वेदातल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणारे, तर वेदाचे कट्टर, तरी जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना लागत नाही. जैन, बौद्ध आणि देव-परलोक काहीच न मानणारे चार्वाक हे वेद प्रमाण मानत नाहीत म्हणून नास्तिक.

प्रश्न : पतसंस्थेत वसुलीला आहे. एक थकबाकीदार दरवेळी ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ ऐकवतो आणि हसतो. चार्वाक खरंच कर्ज बुडवा म्हणायचा का? (शिरोळ)

वसुलीचं तुमच्या वकिलांना विचारा. तेवढं सोडून बाकीचं मी सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो, कारण हे वाक्य मी स्वतः दहा-बारा वर्षं वर्गात चार्वाकाच्या नावावर खपवलंय आणि त्याची लाज अजून गेली नाही.

पहिलं, त्या ओळीत ‘परत करू नका’ असं कुठंच नाही, थकबाकीदाराला एवढं तरी ऐकवा. दुसरं, ही ओळ आली कुठनं? बहुतेकांना ती माहीत आहे ती माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहामुळं, 14वं शतक, विजयनगरचा काळ. लिहिणारा वेदांती, आणि चार्वाकाचं प्रकरण पहिलं, म्हणजे ज्याला सगळ्यात आधी पाडायचं तो. गंमत अशी की त्या एकाच प्रकरणात हा श्लोक दोनदा येतो. सुरुवातीला येतो तेव्हा ‘यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः’, जगताय तोवर सुखानं जगा, मरणाच्या तावडीतनं कोण सुटत नाही. तूप नाही, कर्ज नाही. प्रकरण संपता संपता तोच श्लोक परत येतो, ‘भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः’ (राख झालेला देह परत कुठनं येणार) ही ओळ तीच, फक्त मृत्यूच्या जागी कर्ज आणि तूप येऊन बसलेलं. जुन्या ग्रंथांत तुपाशिवायचाच पाठ भेटतो, म्हणून काही अभ्यासकांना ही टिंगलीसाठी नंतर केलेली मोडतोड वाटते, आणि मलाही तेच पटतं.

मग चार्वाकाचं स्वतःचं काय? ह्या मताचा आद्य मानतात तो बृहस्पती, त्याच्या नावावरची मूळ सूत्रं हरवली. आहेत ते तुकडे, तेही विरोधकांनी खोडायला म्हणून उद्धृत केलेले. जयराशिभट्टाचा तत्त्वोपप्लवसिंह म्हणून ग्रंथ आहे, त्याचं हस्तलिखित 1926 साली सापडलं आणि 1940 साली बडोद्याहून छापलं गेलं, पण चार्वाक प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी कळलेलं, तेवढंच प्रमाण मानतात असं म्हणतात आणि हा गृहस्थ तेही मानायला तयार नाही, त्यामुळं त्याला चार्वाक म्हणायचं का ह्यावरच वाद. आणि ‘चार्वाक धूर बघूनही आग मानत नसत’ हे आपण पोरांना शिकवतो ना, तर पुरंदर नावाच्या चार्वाकाचं मत असं नोंदलंय की रोजच्या व्यवहारातलं अनुमान चालेल, परलोकापर्यंत ताणू नका. इतकं साधं, समंजस म्हणणं. पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही कारण त्यात तूप नाही.

असं समजा की शाहूपुरीतल्या एका अडत्याला तुम्ही समोरच्या पेढीवरचा गूळ कसा आहे विचारलात, आणि पुढं समोरची पेढी बंद पडली, गूळ संपला, उरलं ते फक्त ह्या अडत्याचं मत. तसं झालंय. सॉक्रेटिसचंही असंच झालं असतं. त्यानंही काही लिहिलं नाही, पण प्लेटो आणि झेनोफोन हे त्याचे लोक लिहून गेले. ते नसते आणि ॲरिस्टोफेनिसचं इ.स.पू. 423 मधलं प्रहसन एवढंच उरलं असतं तर सॉक्रेटिस म्हणजे टोपलीत बसून हवेत लटकणारा एक येडा असं आपण शिकवलं असतं, आणि परीक्षेत त्याला पाच मार्कही ठेवले असते.

ऐकीव माहितीला माझा विरोध नाही, सगळं कोण स्वतः बघणार. न्यायवाले तर शब्दाला प्रमाण मानतात, पण सूत्र काय आहे, ‘आप्तोपदेशः शब्दः’. आप्ताचा शब्द. आप्त कोण, तर ज्यानं ती गोष्ट स्वतः नीट जाणलीय आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. वात्स्यायन न्यायसूत्रांवरच्या त्याच्या भाष्यात सांगतो की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. म्हणजे जात-गोत-पदवी बघायची नाही, एवढंच बघायचं की ह्याला माहीत आहे का आणि हा सरळ सांगतोय का. प्रतिस्पर्धी दुसऱ्या अटीत अडकतो. तुमचा थकबाकीदार दोन्हीत.

संस्कृत येत नसेल तर येणाऱ्या माणसाजवळ बसून ते प्रकरण वाचा, फार मोठं नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा.

प्रश्न : ‘दोन दिवसांत सहा दर्शनं, क्वांटम वेदान्तासह, सर्टिफिकेट मिळेल’ असा कोर्स आहे, फी 4999. करू का? (इचलकरंजी)

नको. सहा दर्शनं दोन दिवसांत होत असती तर मी आयुष्यभर काय केलं? ‘आजच भरा, उद्या फी वाढणार’ असं लिहिलंय का बघा, लिहिलेलंच असणार. आणि ‘क्वांटम’ शब्द दिसला की आधी फिजिक्सच्या मास्तरांना दाखवून या.

प्रश्न : वय 21. अस्तित्ववाद वाचतोय, कशालाच अर्थ नाही हे पटलंय. दीड महिना झोप नाही, जेवण जात नाही, कॉलेजला जावं वाटत नाही. पुढं काय वाचू? (नाव-गाव दिलेलं नाही)

काही वाचू नकोस. दीड महिना झोप नाही हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न नाही, डॉक्टरांचा आहे. उद्या सकाळीच घरातल्या कुणाला तरी घेऊन मानसोपचार तज्ज्ञांकडं जा, कोल्हापूरच्या सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात गेलास तरी चालेल. रात्री फारच जड झालं तर 14416 ला फोन कर, टेलिमानस, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. विचार चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही, पण न झोपलेल्या डोक्याला धुकं पण धूर वाटतं. बरा झालास की पुस्तक घेऊन ये, मग सार्त्रवर पाहिजे तेवढं भांडू. पण आधी डॉक्टर.

प्रश्न : यूपीएससीला तत्त्वज्ञान ऑप्शनल घेऊ का? सोपं आहे म्हणतात. दिवाळीनंतर ठरवीन म्हणतो. (जयसिंगपूर)

कोण म्हणतात? 250 चे दोन पेपर आहेत. आयोगाच्या साइटवरचा अभ्यासक्रम आज रात्री वाचा, मागच्या तीन वर्षांचे पेपर बघा आणि ज्यानं हा विषय घेऊन परीक्षा दिलीय अशा माणसाला भेटा, क्लासवाल्याला नव्हे. दिवाळीचा इथं काय संबंध?

प्रश्न : ‘तुमचं मत मला मान्य नाही, पण ते मांडायच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण देईन’, हे व्हॉल्टेअरच्या कुठल्या पुस्तकात आहे? भाषणात घ्यायचंय. (कोल्हापूर)

कुठल्याच नाही. एव्हलिन बिॲट्रिस हॉल ह्या बाईंनी 1906 साली व्हॉल्टेअरवरच्या पुस्तकात त्याची वृत्ती सांगताना ते लिहिलं. भाषणात घ्या, पण बाईंच्या नावानं घ्या.