शब्द मोजताय? मग आधी हे बघा

प्रश्न: एम.ए.च्या प्रबंधासाठी दोन लेखिकांच्या शब्दभांडाराची तुलना करतेय. एकीची कादंबरी ८० हजार शब्दांची, दुसरीचा कथासंग्रह १५ हजारांचा. वेगळे शब्द भागिले एकूण शब्द असं केलं तर कथावाली खूपच पुढे जाते. वाचताना मात्र उलटं वाटतं. कशावर विश्वास ठेवू?

उत्तर: तुमच्या वाचनावर ठेवा. भागाकार बरोबर असेल हो, पण ह्या गुणोत्तराची खोडच अशी आहे की मजकूर लांबत गेला की ते आपोआप घसरतं, मग लिहिणारी कितीही शब्दश्रीमंत असू दे. पहिल्या शंभर शब्दांत बहुतेक शब्द नवेच असतात, पण ‘आणि’, ‘पण’, ‘तो’, ‘होता’, ‘नाही’ ही मंडळी एकदा हजेरी लावून गेली की पुढे दर दोन ओळींना परत येतात, म्हणजे छेद वाढतच राहतो आणि अंशात भर पडायचा वेग मंदावतो. हार्वर्डच्या जॉर्ज किंग्स्ली झिफ यांनी १९३० च्या दशकात हेच आकड्यांत मांडलं, दुसऱ्या नंबरचा शब्द पहिल्याच्या साधारण निम्म्या वेळा येतो, तिसरा एक तृतीयांश, असं खाली खाली. इंग्रजीचा ब्राऊन कॉर्पस घ्या (कॉर्पस म्हणजे अभ्यासासाठी जमवलेला मजकुराचा साठा), १९६१ साली छापलेल्या मजकुरांतून गोळा केलेले दहा लाख शब्द. त्यात एकटा ‘द’ जवळपास ७ टक्के, ‘ऑफ’ साडेतीनच्या आसपास आणि अवघ्या १३५ शब्दांत अर्धा कॉर्पस संपतो! दुसऱ्या टोकाला वेगळ्या शब्दांपैकी जवळपास निम्मे असे की ते अख्ख्या कॉर्पसमध्ये एकदाच येतात.

तर आता करायचं काय, दोन्ही पुस्तकांचे हजार-हजार शब्दांचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याचं गुणोत्तर काढा आणि मग सरासरी घ्या. सरासरीबरोबर तुकड्यांमधला चढउतारही द्या, तो बहुतेक जण देत नाहीत आणि खरी गंमत तिथेच असते, कारण संवादांनी भरलेलं प्रकरण आणि वर्णनाचं प्रकरण ह्यांत एकाच लेखिकेचे आकडे बरेच वेगळे येऊ शकतात. आणि हो, घर, घरात, घराला, घरापासून हे कॉम्प्युटर चार वेगळे शब्द धरणार. मूळ रूपावर आणून मोजायचे की जसेच्या तसे, हे आधी ठरवा, प्रबंधात लिहा आणि दोघींना एकच नियम लावा.

प्रश्न: निनावी लेख कोणाचा हे ओळखायला आमचे सर सांगतात की विषयाचे शब्द सोडा, ‘पण’, ‘तर’, ‘म्हणजे’ असले शब्द मोजा. असल्या फुटकळ शब्दांत लेखक कसा सापडेल?

उत्तर: तुमचे सर अगदी बरोबर आहेत. विषयाचे शब्द विषयाबरोबर बदलतात, करांवर लिहिलं की दोघंही ‘कर’ लिहिणारच. बारीक शब्द मात्र माणूस लक्ष न देता लिहितो, म्हणून त्यांत सवय दिसते. ह्याचं गाजलेलं उदाहरण फेडरलिस्ट लेखांचं. १७८७-८८ मध्ये अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या बाजूने ‘पब्लियस’ ह्या टोपणनावाने ८५ लेख आले, लिहिणारे तिघं, अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. त्यांतले १२ हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीडशे वर्षं मिटला नव्हता. दोघांची शैली इतकी सारखी की वाक्यांची सरासरी लांबी मोजूनही काही हाती लागेना. मग मोस्टेलर आणि वॉलेस ह्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी बारीक शब्द धरले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांमागे साधारण तीनदा वापरतो, मॅडिसन क्वचितच. असे तीसेक शब्द घेऊन त्यांनी बेझच्या पद्धतीने (म्हणजे नवा पुरावा आला की आधीचा अंदाज त्यानुसार बदलत) शक्यता काढल्या आणि १९६४ च्या त्यांच्या पुस्तकात बाराही लेख मॅडिसनकडे झुकले. ५५ क्रमांकाच्या लेखाचा पुरावा सगळ्यात कमजोर निघाला आणि ते त्यांनी स्पष्ट लिहिलंय, मला हे काम आवडण्याचं मोठं कारण तेच. पण एक लक्षात ठेवा, इथे उमेदवार दोनच होते आणि दोघांचं खात्रीचं लेखन भरपूर हाताशी होतं. तुमच्याकडे संशयित वीस आणि निनावी लेख एका पानाचा असेल तर नाव घेऊ नका.

प्रश्न: बातम्यांचे दोन मोठे कॉर्पस घेतले, काय-स्क्वेअर (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी टेस्ट) लावला तर जवळजवळ प्रत्येक शब्द सिग्निफिकंट, म्हणजे फरक योगायोगाचा वाटत नाही असा, येतोय. असं कसं?

उत्तर: दोन कारणं. एक म्हणजे डेटा लाखांत गेला की क्षुल्लक फरकही सिग्निफिकंट ठरतो, म्हणून फरक आहे का ह्यापेक्षा किती आहे ते बघा, दर लाख शब्दांमागे दोन्हीकडे किती वेळा येतो ते शेजारी शेजारी मांडा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. काय-स्क्वेअर धरून चालतो की प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे आलाय आणि भाषेत तसं होत नाही. एका बातमीत ‘पूर’ एकदा आला की त्याच बातमीत तो आणखी दहादा येतो, टेस्ट मात्र त्याला दहा स्वतंत्र पुरावे समजते. म्हणून शब्दाऐवजी बातमी हे एकक धरा, प्रत्येक बातमीत तो शब्द किती प्रमाणात येतो ते काढा आणि दोन गटांतली ही प्रमाणं रँक टेस्टने (आकड्यांऐवजी त्यांचे लहान-मोठे क्रम तुलनेला घेणारी टेस्ट) ताडून बघा. शिवाय तो शब्द एकूण किती बातम्यांत सापडतो हा कॉलम तक्त्यात ठेवाच, चारच बातम्यांमुळे वर आलेले शब्द त्यात लगेच उघडे पडतात.