एसडब्ल्यूआर १.२ आहे, तरी युरोप ऐकत नाही

तुमची हॅम रेडिओची रड चांगलीच ओळखीची आहे. २० मीटर बँड, ४ मीटर उंचीवर ताणलेला डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन बाह्यांची तार), ३० मीटर आरजी-५८ केबल, एसडब्ल्यूआर मीटरवर (किती पॉवर परत फिरते ते दाखवणारा; १ म्हणजे काहीच नाही) सुरेख १.२, दिल्ली-केरळ मिळतं, पण युरोप ढिम्म. ‘आता बीम (एका दिशेला जोर लावणारी अँटेना) घेऊ का?’ नका घेऊ, निदान इतक्यात तरी.

आधी केबल तपासा. वरचं टोक अँटेनापासून सोडवून उघडं ठेवा आणि खालून नॅनोव्हीएनएने (अँटेना-केबल तपासायचं छोटं यंत्र) १४ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर बघा. (रेडिओने ट्रान्समिट करून नव्हे!) उघड्या टोकावरून पॉवर परत यायलाच हवी, म्हणून इथे आकडा मोठा तितका चांगला. धडधाकट ३० मीटर आरजी-५८ला तो ६ च्या आसपास दिसतो. ३ दिसला तर अर्धी पॉवर केबलच खातेय. परत येणारी पॉवरही तीच गिळते, म्हणून मीटर खूश. डमी लोडवरही (पॉवर नुसती उष्णतेत जिरवणारा रोधक) १.० येतो, त्याने कोणी डीएक्स (दूरदेशी संपर्क) केलंय का?

बहुतेकदा पावसाळ्यात वरच्या पीएल-२५९ कनेक्टरमधून पाणी शिरतं आणि केबलमधली तांब्याची जाळी काळी पडते. तशी केबल सरळ फेका. नव्या जोडाला आधी साधी टेप, वर आपोआप चिकटणारी रबर टेप, आणि खाली थेंब गळायला केबलला एक झोळ. व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन लावू नका, तांबं खातं. टीव्ही डिशची आरजी-६ केबल डायपोलला चालते बरं का, फक्त तिची ॲल्युमिनियमची जाळी सोल्डर घेत नाही.

मग उंची. ती साधारण अर्धी तरंगलांबी हवी, या बँडवर म्हणजे १०.६ मीटर; ४ मीटरवर बराचसा सिग्नल सरळ वर आभाळातच जातो. मधला बिंदू १० मीटरवर न्या, टोकं खाली उतरवा, दोन बाह्यांमधला कोन ९०° पेक्षा कमी नको. प्रत्येक बाही ५.२ मीटर कापा आणि दोन्हीकडून सारखी छाटत आणा. आपल्याकडून युरोप साधारण वायव्येला, म्हणून तार ईशान्य-नैर्ऋत्य. महावितरणच्या तारांपासून इतकं लांब की खांब पडला तरी शिवणार नाही.

उंची जमतच नसेल तर ५ मीटरची व्हर्टिकल (उभी अँटेना), जमिनीवर किमान १६ रेडियल (तिच्या पायापासून चहूकडे पसरलेल्या तारा). विक्रेते ‘रेडियलची गरज नाही’ म्हणतात तिथे माझं डोकं फिरतं. रेडियल कमी असले की मातीतला तोटा भर घालून अँटेनाच्या ३६ ओहमचे केबलला जुळणारे ५० करतो, आणि एसडब्ल्यूआर पुन्हा छान!

माती-गच्चीप्रमाणे आकडे थोडे हलतील. बदल केल्यावर १४.०७४ मेगाहर्ट्झवर एफटी८ (संगणकाने चालणारा डिजिटल मोड) लावून संध्याकाळी कोण-कोण ऐकतंय ते पीएसके रिपोर्टर या वेबसाइटवर बघा. मीटरकडे नंतर.