थांबलो की सोडला?

प्रश्न : ‘आय स्टॉप्ड टु ड्रिंक टी’ आणि ‘आय स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ यांत फरक काय? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : फार मोठा! रंकाळ्यावर फिरताना टपरी दिसली आणि तुम्ही चहा प्यायला थांबलात, तर पहिलं वाक्य. चहाच सोडलात, तर दुसरं. आपल्या ‘प्यायला’, ‘घ्यायला’मधला ‘ला’ हेतू सांगतो. इंग्रजीत ते काम ‘टु’ आणि क्रियापदाचं मूळ रूप करतं. माझी मुलं वर्गात हमखास लिहितात, ‘आय वेंट टु चप्पल लाईन फॉर बाय चप्पल’. तिथं ‘टु बाय’ हवं. ‘टु बॉट’ तर नकोच, भूतकाळ ‘वेंट’नं आधीच सांगितलाय. ‘कॅन’, ‘मस्ट’नंतर मात्र ‘टु’ गळतो : ‘आय कॅन स्विम’.