‘एकतर्फी करार’ लिहावं का?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखानदारांनी विचारलंय : एका मोठ्या कंपनीशी त्यांचा पुरवठ्याचा करार आहे. दर कधीही बदलायचा हक्क कंपनीचा, परत आलेल्या मालाचा भुर्दंड यांचा. कोर्टात जायचं ठरलं, दाव्याच्या मसुद्यात त्यांनी ‘एकतर्फी करार’ लिहिलं आणि वकीलसाहेबांनी ते खोडलं. हा शब्द चूक आहे का?

चूक नाही. बोलण्यात सर्रास चालतो आणि कुणालाही कळतो. पण कोर्टात ‘एकतर्फी’ला ठरलेला अर्थ आहे. समन्स बजावूनही प्रतिवादी हजर झाला नाही, तर दावा एकतर्फी चालतो, हुकूमनामाही एकतर्फी होतो. तिथे हाच अर्थ आधी मनात येतो.

मला खरी अडचण मात्र दुसरीच दिसते. हा शब्द अरबी ‘तरफ’वरून आला, म्हणजे बाजू. (दुतर्फा, तरफदारी, अमक्यातर्फे, सगळे तिथलेच.) करार म्हटला की दोन्ही बाजूंची संमती आलीच. ‘एकतर्फी करार’ म्हणालात की समोरचे वकील तुमची सही पुढे करणार. म्हणून हा शब्द कराराला नको, कृतीला लावा : ‘दर एकतर्फी बदलण्याचा अधिकार’. इथे तो चपखल बसतो, कारण कोण काय करतंय ते उघड दिसतं.

अटीला ‘जाचक’ म्हणा, पण तेवढ्यावर थांबू नका. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात, कारण न देता कायम नोकराला काढण्याची अट करार कायद्याच्या कलम २३ खाली, सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून, रद्दबातल ठरवली; आधार होता दोन पक्षांच्या सौदाशक्तीतली तफावत. त्याच निकालात असंही म्हटलंय की दोघेही व्यापारी असतील तर हे तत्त्व कदाचित लागू होणार नाही. तेव्हा ही तफावत तुम्हाला शब्दांत मांडावीच लागेल. ‘अनुचित करार’ ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली संज्ञा आहे. तुम्ही माल विकणारे, ती इथे नको.

घडलं तसंच असेल तर मी असं लिहीन : “प्रतिवादी कंपनीने छापील मसुदा पुढे केला व त्यातील एकही अट बदलण्यास नकार दिला. दर एकतर्फी बदलण्याचा अधिकार देणारी अट जाचक असून सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे.”