सहकाऱ्याच्या वाढदिवसाला काय लिहावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीला लागून चार महिने झाले, ऑफिसच्या ग्रुपवर दोन-तीन दिवसांआड कुणाचा तरी वाढदिवस येतो आणि 'हॅपी बर्थडे सर', 'हॅपी बर्थडे मॅम' यापुढे तुमचं बोट सरकत नाही. शिवाय ज्या मॅडमनी तुम्हाला काम शिकवलं त्यांचा वाढदिवस पुढच्या आठवड्यात आहे आणि कार्डावर चार ओळी लिहायच्या आहेत. मी मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीत आस्थापनेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळायच्या, टेबलावर अकरा वर्षं काढली. सगळ्यांची सेवापुस्तकं, म्हणजे प्रत्येकाच्या नोकरीची नोंदवही, माझ्या कपाटात, त्यामुळे कुणाची जन्मतारीख काय हे मला न विचारता माहीत असायचं. तिथे बसून या बाबतीत जे शिकले ते सांगते.

लिहायच्या आधी त्या माणसाचं एक काम आठवा. गुण नको, काम. 'आपण अत्यंत मेहनती व मनमिळाऊ आहात' हे कुणालाही चिकटतं, म्हणून ते कुणालाच लागत नाही. आमच्याकडे आवक-जावकला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाच्या नोंदीला, एक ताई होत्या. एका जुलैत छत गळायला लागलं, तेव्हा त्यांनी आधी आवक रजिस्टर उचलून कपाटावर ठेवलं आणि मग स्वतःची पर्स आणि डबा घेतला. मी समोरच होते. डिसेंबरात त्यांचा वाढदिवस आला तेव्हा मी एवढंच लिहिलं: 'ताई, वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. जुलैत पाणी आलं तेव्हा तुम्ही आधी रजिस्टर उचललंत. त्यात माझ्या दोन पेन्शन प्रकरणांच्या नोंदी होत्या. त्या दोन घरांना वेळेवर पैसे मिळाले ते तुमच्यामुळे.' तो कागद त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवला. माझी बदली झाली तेव्हाही तो तिथेच होता, कडा पिवळ्या पडलेल्या.

असं काम आठवत नसेल तर समजा की अजून तेवढी ओळख झालेली नाही. मग सरळ 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, सर' लिहा आणि थांबा. त्यात कमीपणा काही नाही. जवळीक नसताना आणलेले मोठे शब्द समोरच्याला लगेच कळतात.

आता तारखेबद्दल, कारण सरकारी कार्यालयात हा विषय फार मोठा आहे. तुमच्या ग्रुपवर 1 जूनला एकदम पाच-सहा जणांचे वाढदिवस निघाले तर नवल वाटून घेऊ नका. आमच्याकडे नऊ जण होते. पूर्वी खेड्यात पोराला शाळेत घालताना आई-बापांना तारीख सांगता यायची नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, म्हणून गुरुजी वयाचा अंदाज घेऊन 1 जून टाकून मोकळे व्हायचे. तीच तारीख दाखल्यावर, दाखल्यावरून सेवापुस्तकात, आणि आता मोबाइलवर. महिन्याच्या 1 तारखेचा जन्म असला की निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते, म्हणून 31 मेला एकाच कार्यालयात तीन-तीन निरोप समारंभ होतात. या लोकांना 1 जूनला शुभेच्छा द्याव्याच, ते आनंदाने घेतात. पण थोडी ओळख वाढली की एकदा विचारावं, 'तुमचा खरा वाढदिवस कधी?'

मी हे आमच्या शिपाई मामांना विचारलं होतं. ते म्हणाले, 'ती तारीख गुरुजीची हाय, माझी न्हाई. माय म्हनायची, तू खांदेमळणीच्या सांजेला झालास.' पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांना धुऊन त्यांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात आणि 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणतात, ती खांदेमळणी. मामांच्या आईने त्या लोण्याची वाटी काढून ठेवली होती आणि तेवढ्यात कळा सुरू झाल्या. एवढी पक्की आठवण असलेला वाढदिवस आमच्या सगळ्या आस्थापनेत दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि कागदावर तो कुठेच नव्हता.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. खांद्यांवरून काहीतरी छान लिहावं असं मनात आलं होतं, कारण कार्यालयाचे सगळे गठ्ठे त्यांच्याच खांद्यावरून वर-खाली व्हायचे. लिहिलंही. मग वाटलं, दिवस बैलांचा आहे, माणसाला ती बरोबरी टोचेल. खोडून टाकलं. शेवटी राहिलं ते इतकंच: 'मामा, आज खांदेमळणी, म्हणजे तुमचा वाढदिवस. सत्तावीस वर्षं रोज सगळ्यांच्या आधी येऊन तुम्ही कुलूप उघडताय. उदंड आयुष्य लाभो.' मामांचं वाचन सावकाश. खिडकीपाशी उजेडात जाऊन त्यांनी ती एक-एक शब्द करत वाचली, चार घड्या घातल्या आणि बसच्या पासामागे खिशात ठेवली. शिपायांसारख्या चतुर्थ श्रेणीला निवृत्तीचं वय 60, आमच्यासारख्यांना 58. त्या हिशेबाने ते एका 31 मेला निवृत्त झाले. अजूनही नवीन कॅलेंडर आलं की मी पोळा शोधते आणि आदल्या दिवसावर खूण करते. त्या दिवशी फोन करायचा असतो.

एक चूकही सांगायला हवी, कारण तुमच्या हातून ती होऊ नये असं मनापासून वाटतं. ग्रुपवर कुणीतरी फुलांचं एक चित्र टाकलं होतं, खाली 'आपणास व आपल्या जोडीदारास सुखी, समृद्ध सहजीवन लाभो'. लेखा शाखेतल्या एका मॅडमचा वाढदिवस होता. मी मजकूर न वाचता तेच पुढे ढकललं, आणि माझं बघून आणखी सहा जणांनी. त्यांचे यजमान जाऊन अडीच महिने झाले होते. मी स्वतः अंत्यविधीला गेले होते. त्यांनी ग्रुपवर फक्त हात जोडले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, 'राग नाही गं, पण सात वेळा तेच वाचलं मी.' तेव्हापासून आयतं चित्र कुणालाही पाठवायचं नाही असं मी ठरवलं, ते आजपर्यंत पाळलंय.

ज्या घरात माणूस गेलंय तिथे आपल्याकडे वर्षभर सणवार करत नाहीत. अशा सहकाऱ्याचा वाढदिवस आला तर ग्रुपवर गलका नको, पण गप्पही बसू नका, कारण त्या दिवशी सगळेच गप्प बसले तर तेही लागतं. वैयक्तिक लिहा: 'मॅडम, आज तुमची आठवण काढतेय. दुपारी चहाला येते तुमच्याकडे.' आणि जा. 'पार्टी कधी', 'केक कुठाय' हे त्या वर्षी बिलकूल नको.

एरवीसुद्धा वय, जाडी, टक्कल, लग्न आणि मूलबाळ हे विषय शुभेच्छांत आणू नका, मित्र कितीही जवळचा असो. 'लाडू कधी देताय?' हे लिहिणाऱ्याला सहज वाटतं. वाचणाऱ्याने त्याच सकाळी घरी काय ऐकलेलं असतं ते आपल्याला ठाऊक नसतं. आणि ग्रुपवर साहेबही असतात, वयाने नाही तर पदाने मोठी असलेली चार माणसं असतात.

साहेबांवरून आठवलं. वरिष्ठांना लिहिताना लोक चौकातल्या फ्लेक्सची भाषा वापरतात: धडाडीचे, दमदार, कार्यसम्राट, लाडके नेतृत्व. हे शब्द इतक्या वेळा छापून झालेत की त्यातून आता माणूस दिसतच नाही. आमच्या एका गटविकास अधिकाऱ्यांना मी लिहिलं होतं, 'साहेब, वाढदिवसाच्या शुभेच्छा. मार्चअखेरच्या रात्री तुम्ही साडेअकरापर्यंत आमच्यासोबत थांबलात आणि आम्हा तिघींना गाडीने घरी सोडायची व्यवस्था केलीत, हे आमच्या घरच्यांनाही लक्षात आहे.' यात खुशामत नाही, घडलेलं आहे. हाताखालच्या माणसालाही याच मापाने लिहावं, आणि 'अहो' म्हणत असाल तर शुभेच्छेतही 'अहो'च ठेवावं. ग्रामसेवकांना आम्ही भाऊसाहेब म्हणायचो, तर चिठ्ठीतही भाऊसाहेबच. लेखा शाखेत एक भाई होते, त्यांना मी 'सालगिरह मुबारक' लिहायचे. त्यांच्या घरचे शब्द, त्यांना बरं वाटायचं.

भाषेचं थोडं सांगते, कारण नवीन मुलांचं इथे अडतं. 'अभीष्टचिंतन' यातला 'भी' दीर्घ आहे. 'मनःपूर्वक हार्दिक शुभेच्छा' यात तीच गोष्ट दोनदा होते, दोन्हींपैकी एक पुरे. संस्कृत लिहायचंच असेल तर 'जीवेत् शरदः शतम्', म्हणजे शंभर शरद ऋतू जगो. वेदातल्या प्रार्थनेत 'जीवेम शरदः शतम्' आहे, आपण सगळे शंभर शरद जगू या. मला स्वतःला ते 'आपण' जास्त आवडतं. पण नीट येत नसेल तर 'उदंड आयुष्य लाभो' घ्या. औक्षण करताना आई जे म्हणते त्यापेक्षा वजनदार काही शोधायची गरज नाही.

आता तुमच्या मॅडमचं कार्ड. त्यांनी काम शिकवलं एवढंच तुम्ही लिहिलंय, नेमकं काय शिकवलं ते लिहिलेलं नाही. पहिल्या आठवड्यात तुम्ही कुठे अडला होतात? त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या का? चूक झाली तेव्हा सगळ्यांसमोर बोलल्या की बाजूला घेऊन? ते एका वाक्यात आधी लिहा. दुसऱ्या वाक्यात, ते आता तुम्ही एकट्याने करता हे सांगा. शिकवणाऱ्याला याहून मोठी भेट नसते. मग शुभेच्छा, आणि खाली पूर्ण नाव, कारण कार्ड पुढे दहा वर्षांनी निघालं तर नुसत्या सहीवरून ओळख पटत नाही. आणखी एक, कार्ड सह्यांसाठी फिरायला लागलं की पहिल्यांदा तुम्ही मागून घ्या. शेवटी हातात आलं तर कोपऱ्यात बोटभर जागा उरते आणि तिथे 'हॅपी बर्थडे मॅम' एवढंच मावतं.