आधी बाटली घेऊन ये

लेकरा,

तुझा मेसेज रात्री उशिरा वाचला. जत्रेच्या कुस्त्यांना वीस दिवस उरलेत, दम पुरत नाही, जिममधला दादा इंजेक्शन देतो म्हणतोय. बाटलीचा फोटो पाठवलास हे शहाणपणाचं केलंस. चष्मा लावून वाचलं: मेफेंटरमाइन. भूल दिलेल्या पेशंटचा रक्तदाब खाली आला तर डॉक्टर हे देतात. तुझा रक्तदाब खाली आलेला नाही, तुझ्या बैठका कमी पडल्यात. हे टोचलं की काळीज धडधडतं, थकवा कळत नाही. लातूरच्या उन्हात थकवा कळला नाही तर माणूस थांबणार कधी?

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. तुझ्याएवढा असताना वजनगटात बसायला तीन किलो उतरवायचं होतं. एका जवळच्या पैलवानानं लघवी जास्त व्हायची गोळी दिली. सकाळी काट्यावर वजन बरोबर भरलं. दुपारी लांगेची गाठ मारायला गेलो, तर बोटं वाकडी होऊन आखडली ती सुटेनात. दुसऱ्यानं गाठ मारून दिली. आखाड्यात उतरलो आणि पहिल्याच पकडीत पोटरीत गोळा आला. पाण्याबरोबर अंगातलं मीठ आणि पोटॅशियमही जातं, त्यानं काळजाचे ठोकेसुद्धा चुकतात, हे पुढे एका डॉक्टरनं समजावलं. नशीब, पोटरीवरच निभावलं.

बघ, गोळी देणारा परका नव्हता. माझ्या ताटात जेवणारा होता. तुझा दादाही वाईट नसेल, त्यालाही कुणीतरी असंच दिलं असेल. म्हणून तर नाही म्हणणं जड जातं. माझं नाव सांग, ‘वस्तादांना विचारल्याशिवाय घेत नाही’ म्हण. शिव्या मला पडू देत.

त्या जिममध्ये एकाच सुईनं तिघं टोचून घेतात असं ऐकलंय. एचआयव्ही आणि कावीळ अशीच पसरते. स्टेरॉइडचंही कुणी बोललं तर तुझं वय लक्षात ठेव: उंची वाढायची थांबते, आणि शरीर स्वतःचं पुरुषी हार्मोन बनवणं कमी करतं. सुट्ट्या पावडरच्या डब्यात काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ‘आयुर्वेदिक’ लिहिलं म्हणून भुलू नकोस.

जत्रेत कोण तपासतंय, असं तू म्हणशील. पण उद्या मॅटवर खेळशील, तिथं ‘नाडा’चे, म्हणजे खेळाडूंनी उत्तेजक औषधं घेतलीत का ते तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे, लोक लघवीचा नमुना मागू शकतात. २०२२ मध्ये त्यासाठी संसदेनं कायदाच केला. अंगात काय सापडलं त्याचा जबाब खेळाडूनंच द्यायचा, ‘दादानं दिलं’ म्हणून सुटका नाही. नमुना द्यायला नकार दिला तर तोही गुन्हाच धरतात. सर्दीच्या काही गोळ्यासुद्धा स्पर्धेच्या दिवशी चालत नाहीत, म्हणून डॉक्टरला आधीच सांग की मी खेळतो.

रामलिंग मुदगडचे नामवंत पैलवान हरिश्चंद्र बिराजदार आपल्याच मातीतले. ती उंची वीस दिवसांत येत नाही रे. या जत्रेला छोटी कुस्ती धर, हरलास तरी मी फेटा बांधीन.

उद्या पहाटे पाचला तालमीत ये. बाटली खोक्यासकट आण, फोडू नकोस, गटारात टाकू नकोस. दादालाही सोबत आण, चहा मी पाजतो.

तुझा वस्ताद