‘जड मूलद्रव्य’ की ‘भारी मूलद्रव्य’? आणि ऑक्सिजन ‘धातू’ कसा?

प्रश्न असा: ताऱ्यांवरच्या एका लेखात ‘जड मूलद्रव्ये’ आले आहे. तिथे ‘भारी’ चालेल का? जड म्हणजे किती जड? आणि त्याच लेखात ऑक्सिजनला ‘धातू’ म्हटले आहे, ती चूक आहे का?

‘जड’च लिहावे. ‘भारी’ हे हिंदीचे वळण. मराठीत भारी साडी म्हणजे किमती साडी. शिवाय ‘भारित कण’ म्हणजे विद्युतभार असलेला कण, त्याच्याशी गल्लत होते ती वेगळीच. ‘अवजड’ वाहनांना शोभते. ‘जड पाणी’ आणि ‘जड धातू’ आपल्याकडे रुळलेले आहेत, त्याच रांगेत हा शब्द सहज बसतो.

मात्र हे जडपण हाताला जाणवणारे नव्हे. सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, शिशाची ११.३. तरीही शिशाचा अणू जास्त जड आहे: अणुवस्तुमान सुमारे २०७, सोन्याचे १९७. रेडॉन तर वायू, आणि त्याच्या नेहमी आढळणाऱ्या समस्थानिकाचा वस्तुमानांक (प्रोटॉन-न्यूट्रॉनांची एकूण संख्या) २२२! म्हणजे इथे जड म्हणजे ज्याच्या अणुकेंद्रात प्रोटॉन-न्यूट्रॉन जास्त, ते. ‘वजनदार’ किंवा ‘घन’ लिहिले की अर्थ बिघडतो तो इथेच.

किती जड, हे लिहिणारा कोण यावर ठरते. खगोलशास्त्रात हेलियमच्या पुढचे सगळेच ‘धातू’, ऑक्सिजन आणि कार्बनसुद्धा. महास्फोटातून हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढेच निघाले. बाकीचे जवळजवळ सगळे ताऱ्यांनी घडवले. सूर्याच्या वस्तुमानात हे ‘धातू’ जेमतेम दीड टक्का. तेव्हा लेखात चूक नाही, पण पहिल्या उल्लेखाला अवतरणचिन्हे आणि एका ओळीचा खुलासा हवाच. नाहीतर शाळेत आवर्तसारणी शिकलेला वाचक बिचकणार.

सोने, युरेनियम यांच्या जन्माविषयी लिहायचे असेल तर मला ‘लोहापलीकडची मूलद्रव्ये’ हा शब्दप्रयोग सर्वांत नेमका वाटतो, कारण खरी सीमा तीच आहे. लोह-निकेलपर्यंत अणुकेंद्रांच्या संमीलनातून, म्हणजे ती एकत्र जुळण्यातून, ऊर्जा मिळते. पुढे ती खर्ची घालावी लागते. तिथून वाट न्यूट्रॉनची. त्याला विद्युतभार नसल्याने अणुकेंद्र त्याला दूर लोटत नाही. तो आत शिरतो, बीटा-क्षयाने (इलेक्ट्रॉन बाहेर टाकून) त्याचा प्रोटॉन होतो आणि अणुअंक एकाने वाढतो.

याचे दोन प्रकार: ‘मंद न्यूट्रॉनग्रहण’ आणि ‘जलद न्यूट्रॉनग्रहण’. मंद-जलद हे बीटा-क्षयाच्या तुलनेत: पुढचा न्यूट्रॉन क्षयानंतर आला तर मंद, क्षयाआधीच आला तर जलद. न्यूट्रॉनच्या वेगाशी त्याचा संबंध नाही. म्हणून ‘मंद न्यूट्रॉन’ असे तोडून लिहू नये, तो अणुभट्टीतला वेगळाच शब्द आहे. मंद वाट म्हाताऱ्या तांबड्या ताऱ्यांत चालते आणि शिसे-बिस्मथपाशी थांबते. सोने बहुतांशी आणि थोरियम-युरेनियम पूर्णपणे जलद वाटेचे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरलेल्या अतिघन गाभ्यांच्या) टकरीच्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या. एनजीसी ४९९३ या सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतील ती घटना. तिच्या प्रकाशात स्ट्रॉन्शियम या लोहापलीकडच्या मूलद्रव्याची खूण २०१९ मध्ये ओळखली गेली.

तेव्हा ‘सोने ताऱ्यात जळून तयार झाले’ असे कुठे लिहिले असेल तर ते बदलून ‘सोने मुख्यतः जलद न्यूट्रॉनग्रहणातून तयार झाले’ असे करावे. सगळे सोने टकरींतूनच आले असेही लिहू नये. काही विरळ प्रकारचे अतिनवतारेही (ताऱ्यांचे प्रचंड स्फोट) त्यात वाटेकरी असू शकतात.